आमची माळ लुकलुकत नाही

मिनियापोलिस,
19 नोव्हेंबर 2023

तीर्थरूप बाबांस,


पत्रास कारण की, "पोरीच्या घरची माळ अजून लुकलुकतेच आहे, जावयाला काही जमलेलं नाही," अशी बातमी तुम्ही गोलबागेतल्या तुमच्या सकाळच्या मंडळात पसरवल्याचं आईकडून कळलं. फोनवर खुलासा करायला गेले तर "आवाज तुटतोय" म्हणून तुम्ही फोन आईकडे देता, आणि आई विचारते भाजी काय केलीस. तेव्हा हा लेखी खुलासा. नाहीतरी वीजमंडळात असताना तुम्ही तोंडी तक्रार कधी घेतली होतीत?

पहिल्यापासून सांगते. इथे 5 नोव्हेंबरला घड्याळं तासभर मागे सारली. त्यामुळे दिवाळीत पावणेपाचलाच सूर्य मावळला. कामाच्या दिवशी त्या वेळी आम्ही ऑफिसात, मुलं शाळेच्या बसमध्ये, घरात एकट्या सासूबाई. त्यांना खुर्चीवर चढून पिनेशी खटपट करायला लागू नये म्हणून तुमच्या जावयांनी देव्हाऱ्यामागच्या खिडकीतली माळ टायमरवर टाकली. साडेचारला आपोआप लागते, दहाला विझते. इथवर उत्तम.

पण इथली माळ नुसती माळ नसते. तिच्या तोंडाशी साबणाच्या वडीएवढी डबी असते आणि डबीवर एक बटण. ते दाबत गेलं की माळ आठ तऱ्हा करते. एकीत लाटा येतात, एकीत दिवे एकमेकांच्या पाठी लागतात, एकीत हळूहळू मान टाकतात आणि पुन्हा शुद्धीवर येतात. पहिल्या तऱ्हेचं नाव 'कॉम्बिनेशन', म्हणजे बाकीचे सगळे प्रकार आळीपाळीने. आणि अगदी शेवटची, आठवी, 'स्टेडी ऑन'. म्हणजे दिव्याने नुसतं लागून राहायचं. दिव्याचं हे मूळ काम कंपनीला आठव्या नंबरला आठवलं!

त्यातून डबीतल्या चिपेला स्मरणशक्ती नाही. टायमरने वीज तोडली की काल रात्री काय ठरलं होतं ते ती साफ विसरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'कॉम्बिनेशन'पासून सुरू. सासूबाई निरांजन लावून रामरक्षा म्हणायला बसल्या की समोर देव आणि देवामागे खिडकीत वरात. त्या बिचाऱ्या उठून सात वेळा बटण दाबायच्या. मोजताना मध्येच कुणाचा फोन आला तर आठव्यांदा दाबलं जायचं, आणि अक्षरशः पहिले पाढे पंचावन्न.

तुम्ही म्हणाल, मेमरीवाली माळ मिळते, ती का नाही आणली? मिळते. पैसेही फार जास्त पडत नाहीत. मी हेच म्हटलं होतं. पण घरात एक गृहस्थ आहेत, ते दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या चुका शोधतात आणि संध्याकाळी त्यांचे हात शिवशिवतात. शिवाय त्याच सुमारास समोरच्या आजींनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

या आजी मूळ नॉर्वेकडच्या घराण्यातल्या. त्यांच्याकडे जुन्या बल्बांची माळ आहे, एलईडी नव्हे, तारवाले बारके बल्ब. ती सबंध माळच एकदम लागायची आणि एकदम विझायची, आणि त्याने त्यांचं डोकं दुखायचं. तुमचे जावई गेले, माळेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आले, आणि लाल टोकाचा एक बल्ब शोधून काढला. बाबा, तुम्हाला यातली गंमत कळेल. माळेत अडीच-अडीच व्होल्टचे 50 बल्ब एकामागे एक सिरीजमध्ये असतात, म्हणजे इथल्या 120 व्होल्टच्या लायनीला बरोबर पुरतात. लाल टोकाच्या बल्बात दोन धातूंची जोडपट्टी असते. बल्ब तापला की दोन धातू कमीजास्त फुगतात, पट्टी वाकते, संपर्क सुटतो, आणि सिरीज असल्याने सगळी माळ विझते. निवली की पट्टी सरळ होते आणि सगळी लागते. एवढ्याशा पट्टीच्या रुसव्याफुगव्यावर पन्नास जणांचा संसार! जावयांनी प्लग काढला, लाल बल्ब उपटला, माळेसोबत आलेल्या पुडीतला त्याच व्होल्टचा साधा बल्ब बसवला. झालं. माळ शहाण्यासारखी लागून राहिली. आजींनी 'लेफ्से' दिले. बटाट्याच्या पातळ पोळ्याच त्या, लोणी-साखर लावून खातात. सासूबाईंचं मत, भाजायला आणखी हवे होते.

लेफ्से पोटात गेल्यावर मंडळींना वाटू लागलं की जगातली कुठलीही माळ आपण स्थिर करू शकतो.

आता इथे तुमच्या बाबतीत दोन शब्द बोलते, राग मानू नका. लुकलुकणाऱ्या माळांना तुम्ही नावं ठेवावीत हे काही मला पटलेलं नाही. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात दिवे पळते करण्यासाठी आईच्या लाटण्यावर पितळी पट्ट्या ठोकून, त्याला टेबलफॅनची मोटर लावून चरक कोणी बनवला होता? सगळा श्रावण त्यात गेला, लाटणं गेलं ते गेलंच, आणि टेबलफॅनही परत आला नाही. तेव्हा सगळी गल्ली दिवे पळताना बघायला यायची आणि तुम्ही मांडवामागे पट्ट्यांना एमरी पेपर मारत उभे असायचात. तुमचं एकट्याचं नाही म्हणा. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने नाताळच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, लाल, पांढरे, निळे मिळून 80, तेव्हा त्यानेही ते झाड विजेवर गोल फिरवलं आणि फेरीबरोबर दिवे विझते-लागते ठेवले. माणसाला विजेचा दिवा मिळाला आणि लगेच त्याची उघडझाप करायची हौस आली. तुमच्या वेळी त्या हौसेला मोटर, लाटणं आणि महिनाभराची मेहनत लागायची. आता उघडझाप फुकट मिळते आणि मेहनत लागते ती थांबवायला.

असो. जावयांनी डबी उघडली. आधी हे वाचा, म्हणजे तुमचा रक्तदाब वाढणार नाही: ही माळ थेट लायनीवरची नव्हे. भिंतीत अडॅप्टर, त्यातून 31 व्होल्ट डीसी, मग डबी, मग माळ. जिन्याच्या कठड्यावर दुसरी एक माळ आहे, ती मात्र अडॅप्टरशिवाय सरळ 120 व्होल्टवर चालते. तिच्या डबीत चार डायोड आणि तीन-तीन पायांचे एससीआर बसलेले असतात, आणि माळेचा कुठलाही उघडा भाग हाताला लागला तर लायनीलाच हात लागल्यासारखं. त्या माळेकडे स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरकायचं नाही, असं मी तुमच्या नावाने बजावलं. तुमच्या नावाचा इथेही धाक आहे.

खिडकीतल्या माळेत डबीपासून पुढे फक्त दोन तारा जातात. दोन तारांवर दिव्यांचे दोन गट वेगवेगळे नाचतात कसे, हे मला कोडंच होतं. तर त्यांनी अर्धे एलईडी सुलटे जोडलेत आणि अर्धे उलटे. एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डबी अधिक-उणे पालटत राहते. असं दिलं की हा गट लागतो, तसं दिलं की तो. आणि 'स्टेडी ऑन'मध्ये ती इतक्या भराभर पालटते की डोळ्यांना सगळेच लागलेले दिसतात. म्हणजे आठवी तऱ्हाही उघडझापच, फक्त चोरटी.

जावयांना हे नंतर कळलं. आधी त्यांनी डबी कापून अडॅप्टरची तार माळेला थेट जोडली, डाग दिला, वरून नळी चढवली, आणि "या सगळे" म्हणून हाक मारली. माळ लागली. एक आड एक. सासूबाई म्हणाल्या, "अर्धीच वेणी घालून शाळेत पाठवल्यासारखी दिसते." तारा उलट जोडल्या. मग उरलेली अर्धी वेणी.

रात्री जेवताना कन्या भाताचा घास घेत म्हणाली, "मग एसी द्या ना." दहावीत आहे, यंदा फिजिक्स आहे. एसी म्हणजे स्वतःच अधिक-उणे पालटणारी वीज. इथे सेकंदाला 60 आवर्तनं, तुमच्याकडे 50. डबीचं काम लायनच फुकट करेल! जावई घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्या क्षणी त्यांना अभिमान आणि अपमान एकदमच झाला.

पण कमी व्होल्टचं एसी आणायचं कुठून? तर इथल्या घरांत तळघरात हवा तापवणारी भट्टी असते आणि तिच्या थर्मोस्टॅटला 24 व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मंडळींची नजर तळघराच्या दाराकडे गेली. मी जिन्यात आडवी उभी राहिले. मिनेसोटाच्या थंडीत भट्टी बंद पाडून माळ लावणारं एकमेव मराठी घराणं म्हणून मला प्रसिद्धी नको होती. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून तसाच नवा ट्रान्सफॉर्मर आणला. 24 व्होल्ट एसीचं शिखर 34 पर्यंत जातं, पण प्रत्येक गट अर्धाच वेळ चालतो, त्यामुळे माळेला ते सोसतं, हे गणित कन्येने पेपर नॅपकिनवर करून दाखवलं. ट्रान्सफॉर्मर लोखंडी डबीत बंद केला, पुढे फ्यूज घातला, आणि सगळी माळ लागली. टायमरने कितीही वेळा तोडली तरी लागताना पूर्ण आणि स्थिर लागते. विसरण्यासारखं तिच्यात आता काही उरलेलंच नाही.

माळेला तपासणीची लाल चकचकीत चिठ्ठी होती. लाल म्हणजे घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालते, हिरवी म्हणजे फक्त घरात. डबी कापल्यावर त्या चिठ्ठीला अर्थ राहिला नाही. म्हणून ही माळ घरातच, कोरड्या खिडकीत, आणि सासूबाई घरात असतानाच लागते. बर्फात बाहेर टांगायची नाही असं कलम केलं आहे.

धाकट्याने मात्र दोन दिवस अबोला धरला. त्याची आवडती पाचवी तऱ्हा मेली. त्याला जिन्यावरची माळ बटणासकट बहाल केली, तेव्हा कुठे तो जेवला.

आता मुख्य आरोपाकडे येते. तुम्हाला व्हिडिओवर माळ लुकलुकताना दिसते ती का? फोनचा कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रं काढतो आणि लखलखीत दिवा समोर असला की एकेक चित्र क्षणार्धात टिपतो. त्या क्षणी आमचा एक गट लागलेला असतो, दुसरा विझलेला. तीस आणि साठ यांचा मेळही तंतोतंत बसत नाही, म्हणून गट आलटून-पालटून सावकाश उजळल्यासारखे दिसतात. आपल्या डोळ्यांना इतकं भराभर काही कळत नाही, त्यामुळे इथे आम्हा सगळ्यांना माळ स्थिर दिसते. मान झटकन वळवली तर ठिपके जरासे तुटक दिसतात हे खरं. त्यावर सासूबाईंनी तोडगा काढला आहे: देवासमोर मान झटकन वळवायची नाही.

अडॅप्टर तसाच ठेवून त्यापासून दोन्ही गटांकडे स्वतंत्र तारा ओढल्या असत्या तर कॅमेऱ्यालाही स्थिर दिसली असती, असं जावई म्हणतात. त्यासाठी शंभर एलईडींची जोडणी उकलावी लागेल. मी नको म्हटलं आहे. माळ आमच्या घरासाठी आहे, कॅमेऱ्यासाठी नाही.

आई आणि तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा प्रत्यक्षच पाहा. एक विनंती आहे. येताना तिकडून माळ आणू नका. आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या असतात, इथे 120 वर नुसत्या मिणमिणतील, आणि मग तुम्ही दोघं सासरे-जावई तळघरात जाऊन बसाल. त्यापेक्षा चकलीचा पितळी सोऱ्या आणा. इथल्या ॲल्युमिनियमच्या सोऱ्याचा दट्ट्या यंदा भाजणीत वाकला.

तुमची,
(माळेची नव्हे, चकलीची जबाबदारी असलेली)
लेक