कॅमेऱ्याने अंड्यातच बघावं

बाजारात टोपलीभर गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात. पोरं हट्ट धरतात, बाप नोट काढतो आणि चार-आठ दिवसांत पिल्लू मरतं. ही अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या लेअर जातीची नर पिल्लं. अंडी घालत नाहीत, ब्रॉयलरसारखं झटपट वजनही धरत नाहीत, म्हणून हॅचरीला नकोशी. जगभरात असे सुमारे 700 कोटी नर दरवर्षी जन्मल्याच दिवशी मारले जातात.

आता नर-मादीची ही निवड कॅमेरा करू लागलाय. आधी हे काम माणसाचं होतं. जपानी जाणकारांनी 1920 च्या दशकात गुदद्वारातल्या बारीक उंचवट्यावरून नर ओळखायला सुरुवात केली. तो हात बसायला वर्षं लागतात. पुढे पंखांवरून ओळखू येणारे संकर आले: मादीची मुख्य पिसं वरच्या पिसांपेक्षा लांब, नराची तेवढीच किंवा आखूड. एक-दोन दिवसांत हा फरक मिटतो. तो टिपायला यंत्राचा डोळा माणसापेक्षा तरबेज, मान्य. पण लेअरच्या हॅचरीत तो फक्त मारायचा वेग वाढवतो. मला त्या वेगाचं अजिबात कौतुक नाही.

जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून नर पिल्लं मारायला बंदी घातली, तेव्हा कॅमेऱ्याला अंड्याच्या आत बघावं लागलं. अंडं उबायला 21 दिवस लागतात. तेराव्या दिवसाच्या सुमारास कवचातून प्रकाश सोडला की पिसांचा रंग कळतो. तपकिरी जातीत मादी तपकिरी, नर पांढरा. आपल्याकडे मात्र बहुतेक लेअर पांढऱ्या, तिथे नर-मादी दोघंही पांढरेच. म्हणजे ही युक्ती इथे चालायची नाही. अशा पांढऱ्या जातींसाठी अंड्याचा एमआरआय करणारी यंत्रं निघाली आहेत, आणि ती महाग आहेत. खरी अडचण ही.

यंत्राच्या नजरेवर पहारा ठेवणं कोल्हापूरला नवं नाही. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त 839 मुली होत्या. पुढे गर्भलिंग तपासणी रोखायला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावले आणि तपासण्यांची नोंद राहू लागली. लेकीला आणि पिल्लाला मी एका तागडीत तोलत नाही. पण यंत्राने कधी आणि कशासाठी बघायचं, हे विकणाऱ्यावर सोडायचं नसतं, हे याच जिल्ह्याने दाखवलंय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लिंग ओळखणाऱ्या यंत्राला सरकारी अनुदान द्यायचं असेल, तर ते अंड्यात बघणाऱ्या यंत्रालाच द्या. आणि हॅचरीवाल्यांनी परवडत नाही म्हणण्याआधी एका अंड्यामागे नेमके किती पैसे वाढतात, तो हिशेब जाहीर करावा. रस्सा मंडळाच्या जेवणाला पैसे काढताना आपण मागेपुढे बघत नाही. या पैशांनाही कोल्हापूर नाही म्हणणार नाही.