पाकिटाची खिडकी झाका

महाराष्ट्रात मुरुड नावाची तीन गावं तरी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक आमचं, दापोली तालुक्यातलं. दुसरं जंजिऱ्याचं. तिसरं थेट लातूरकडचं. असले नावांचे घोळ मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी. सहा आकड्यांच्या जोरावर पाकीट बरोबर गावात पोचतं. पुढचं सगळं पोस्टमनच्या ओळखीवर, कारण आमच्याकडे घराला नंबर नसतो. नाव, आळी, मु. पो. मुरुड, झाला पत्ता.

तेव्हा पाकिटावर नाव उघडं असणारच, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती नावाखालच्या छपाईला.

बँकेच्या पाकिटाला पारदर्शक खिडकी असते. तिच्यातून काय काय दिसतं ते एकदा निरखून पाहा. कुठे नावाखाली मोबाइल नंबर, कुठे ग्राहक क्रमांक. आतला कागद जरा खाली सरकला की खाते क्रमांकही डोकावतो. आणि काही संस्था तर पाकिटाचाही खर्च करत नाहीत. खातेउताऱ्याची तीन पदरी घडी, वर एक पिन, झालं टपाल. कडेनं बोट घातलं की शिल्लक वाचता येते.

ही किरकोळ बाब नाही. जुलै २०१७ मध्ये अमेरिकेत एटना या आरोग्यविमा कंपनीनं सुमारे बारा हजार ग्राहकांना खिडकीच्या पाकिटातून पत्रं पाठवली. नावापत्त्याच्या खाली एचआयव्हीच्या औषधांचा उल्लेख होता आणि तो खिडकीतून वाचता येत होता. पाकीट फोडायचीही गरज नव्हती. पुढच्या वर्षी कंपनीला १ कोटी ७० लाख डॉलर मोजून दावा मिटवावा लागला. संगणक कुणी फोडला नव्हता. मजकूर खिडकीच्या मागे आला होता, एवढंच.

कोकणात तर अर्धी घरं वर्षातले दहा महिने कुलपात. माणसं मुंबईला. पाकीट शेजारच्या ओटीवर, नाही तर नाक्यावरच्या दुकानात गणपतीपर्यंत पडून राहतं. शेजारी भला आहे, पोस्टमन घरच्यासारखा आहे, दुकानदारालाही उपद्व्याप नकोत. त्यांना बोल लावायचं कारणच नाही. इतक्या हातांतून जाणाऱ्या कागदानं वाटेत काय काय सांगत सुटावं, हे पाठवणारा ठरवतो. जबाबदारी त्याची.

आणि कागद सांगतो तरी किती! पूर्ण नाव, पूर्ण खाते क्रमांक, पेन्शन कुठल्या तारखेला जमा होते, विम्याचा हप्ता किती, कुठल्या दवाखान्यात किती भरले. यूपीआयच्या नोंदींत तर ज्यांना पैसे दिले त्यांचेही मोबाइल नंबर सापडतात. एवढं हाती असल्यावर भामट्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. 'काकू, तुमची पाच तारखेची पेन्शन अडकलीय, खात्याचे शेवटचे आकडे अमुक अमुक ना?' म्हणून फोन येतो. आकडे बरोबर निघतात आणि काकू विश्वास टाकतात. पुढचा ओटीपी त्या स्वतःच्या तोंडानं सांगतात. मग आपण त्यांनाच भोळ्या म्हणतो!

मला याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. मुरुड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. बाईनं शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून या माणसानं जन्म वेचला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. त्यांच्या गावातल्या बाईनं आंबापोळी, कोकम विकून चार पैसे बाजूला टाकावेत आणि त्यांचा आकडा तिच्याआधी दिरानं वाचावा? तिनं तो घरात सांगावा की नाही, हा तिचा प्रश्न. संस्थेनं पिन मारलेल्या कागदावरून तो जाहीर करायचा नाही.

'मग ईमेलवर घ्या,' हे उत्तर तयार असतं. ईमेल नातवाचा. पासवर्ड म्हणजे बऱ्याचदा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, जी सगळ्या आळीला पाठ. हा उपाय शहरातल्या तरुणाला ठीक आहे. सत्तरीच्या माणसाला कागद लागतो आणि तो मागणं हा गुन्हा नव्हे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तेव्हापासून सर्व्हरच्या सुरक्षेवर सगळे बोलतात. बोलायलाच हवं. पण त्याच सर्व्हरमधली माहिती कागदावर उतरली की तिची राखण संपते का? आधारचे पहिले आठ आकडे झाकून शेवटचे चार दाखवायची सोय आहे. एटीएमच्या चिठ्ठीवर कार्ड नंबर फुल्या मारून येतो. घरी येणाऱ्या उताऱ्यावर खाते क्रमांक मात्र आख्खा! कर्जाला, व्हिसाला पूर्ण क्रमांकाचा उतारा लागला तर शाखेतून शिक्का मारून घेता येतो. दर वेळी टपालानं तो फिरवायचं कारण नाही.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. राष्ट्रीयीकृत बँकांवर ग्राहकाची बाब गुप्त राखण्याचं बंधन १९७० च्या कायद्यातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्कांच्या सनदेत खासगीपणाचा हक्क लिहिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला तो मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतल्या कुचराईला २५० कोटींपर्यंत दंड आहे. त्यातली मुख्य बंधनं अमलात यायला मे २०२७ उजाडेल. घडी उलटी घालायला तोवर थांबायची काय गरज?

खिडकीत नाव, पत्ता आणि पिनकोड. बस्स. आत उताऱ्यावर खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे. पिनेऐवजी डिंकानं बंद केलेलं, आतून छापील नक्षीचं पाकीट. महत्त्वाचा कागद असेल तर ज्याचा त्याच्याच हातात. रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ ला स्पीड पोस्टात विलीन झालं, पण ही नोंदणीची सोय पाच रुपये अधिक जीएसटीत ठेवलेली आहे. पाच रुपयांनी कुठलीही बँक बुडत नाही.

तुमच्या घरी असा उघडा कागद आला तर तो जपून ठेवा आणि शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीचा नंबर १४४४८. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करा आणि वार्षिक सभेत उठून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्कच आहे.