पहिल्या कलमावरचे भाऊसाहेब

इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरताच पंप आपोआप बंद व्हावा, एवढ्या एका लोकोपयोगी हेतूने आमच्या भाऊसाहेबांनी बँकेतून निवृत्त होताच आपला पहिला एम्बेडेड प्रकल्प हाती घेतला, त्याला येत्या पाडव्यास चार वर्षे पूर्ण होतील; आणि या अवधीत टाकी नित्यनेमाने वाहत असली, तरी ‘मायक्रोकंट्रोलर कोणता घ्यावा’ या पहिल्या कलमापुढे काम तसूभरही सरकलेले नाही. टाकीत एक फ्लोट स्विच, पंपाला एक रिले, म्हणजे चिपचे दोन पाय पुरेत, असे मी एकदा धीर करून सुचवले, तेव्हा पत्रिका न पाहता सोयरीक ठरवणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

बँकेतल्या सवयीने त्यांनी एक चोपडी घातली असून तीत प्रत्येक उमेदवाराचे खाते स्वतंत्र आहे. इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ पुढे, त्याची रॅम अवघी १२८ बाइट पाहून, ‘घराणे जुने, सांपत्तिक स्थिती बेताची’ असा शेरा आहे. नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेला एव्हीआर अर्दुइनो उनोच्या रूपाने पोराटोरांच्याही हाती गेला, हाच भाऊसाहेबांच्या मते त्याचा दोष. शिवाय आठच बिटांचा, उद्या टाक्या वाढल्या तर? बत्तीस बिटांचा एसटीएम३२ तालेवार खरा. परंतु त्याचा एक पाय हलवायचा तर आधी त्या पोर्टाचे क्लॉक चालू करण्याची तजवीज करावी लागते, आणि हा कचेरीतला शिरस्ता निवृत्तीनंतर घरात नको, म्हणून तोही प्रस्ताव तहकूब. परवाना-शुल्काच्या जाचातून मुक्त अशा रिस्क-फाइव्हविषयी मात्र ते गहिवरून बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी आर्मच्या खात्यात दोन ओळींची भर घालतात.

तूर्त पंप बंद करण्याची मुखत्यारी वहिनींकडे आहे. व्यत्ययाची वर्दी येताच हातचे काम जिथल्या तिथे ठेवून धावणे, हे ज्याला जाणकार इंटरप्ट म्हणतात त्याचे ब्रीद, त्या पाइपातल्या पाण्याचा सूर बदलताच तव्यावरची पोळी उतरवून तंतोतंत पाळतात. चोपडीत त्यांचे खाते नाही, हा माझ्या मते त्या दप्तरातला एकमेव अन्याय.

अखेर मीच तापकीर गल्लीतून रास्पबेरी पाय पिको २ आणला. त्यातल्या आरपी२३५० या चिपमध्ये आर्मचे दोन गाभे आहेत आणि रिस्क-फाइव्हचेही दोन. हवे ते चालवावेत, दावा निकालात निघाला, असा माझा भाबडा हिशेब. भाऊसाहेबांनी बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ मान डोलावली, आणि चोपडीचे कोरे पान उघडून त्याच्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ मारली.

“अहो, जिन्यावर पाणी आलंय!” आतून वहिनी म्हणाल्या.

“अगं, मग बंद कर की,” भाऊसाहेब म्हणाले, “इथे काम चाललंय.”