लाटी खाल्ली, आता पापड कोण खातंय!

“आमच्या रावळगावची गोळी म्हणे आता अंबानींची झाली,” आक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या. हातात सूप, सुपात तांदूळ आणि आवाजात माहेरची जमीन गेल्यासारखं दुःख.

बातमी काही ताजी नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीतच रिलायन्सनं रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि कृती २७ कोटींना घेतल्याचं पेपरात आलं होतं. पण आमच्या दोन रो हाउसमधल्या भिंतीवर बातमी शिळी झाली तर बिघडत नाही. शिळ्याला फोडणी द्यायची असते, एवढं आम्हा दोघींना कळतं.

आक्कांचं माहेर मालेगावकडचं. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली रावळगावला साखर कारखाना काढला आणि पुढे तिथंच गोळ्याही निघू लागल्या, हा इतिहास आक्का घरातल्या कुणाचा सांगावा तसा सांगतात. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं त्यांच्या तोंडून भाचरांची नावं घ्यावीत तशी येतात. “मामा सायकलवरून उतरला की आधी त्याचा खिसा बघायचो. कागद वाजला की समजायचं.”

“आमच्या पार्ल्यात कागद वाजायचीसुद्धा गरज नव्हती,” मी म्हटलं. पार्लेकर माणूस अशी संधी सोडत नसतो. गाडी स्टेशनात शिरायच्या आधी बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा. झोपलेला माणूसही बरोब्बर उतरायचा. १९२९ सालचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर जो तो हळहळला.

“म्हणजे तुम्ही वासावरच पोट भरत होतात होय?” आक्कांनी सूप झटकलं. मी गप्प.

मग नेहमीची उजळणी झाली. शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या बाईकडची बोरकुटाची पुडी, तिखटमीठ लावलेली कैरी, लिमलेटच्या गोळ्या, सुट्टीतली करवंदं आणि विलायती चिंचा. नळीतला पेप्सीकोला, जो आईनं बघितला तर पाठीत धपाटा मिळायचा. म्हातारीचे केस माझ्या लाडाचे, आक्कांच्या मते “नुसता रंग आणि हवा”. बर्फाच्या गोळ्याबद्दल आमचं एकमत झालं की तो तेव्हाही फार काही चांगला लागत नव्हता. काडी चोखत रस्त्यानं चालणं, हीच त्यातली खरी गंमत.

“पण हे सगळं मिळतं की गं आजही,” आक्का म्हणाल्या. “पारलेचा पुडा वाण्याकडे आहे. बोरकूट आता मॉलमध्ये बरणीत मिळतं. आठवण आली तर जा, घे, खा, विषय संपला. जे कधी दुकानात नव्हतंच, त्याचं काय?”

इथे त्यांनी आवाज खाली आणला आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे मान वळवली. मी भिंतीशी सरकले.

“त्यांच्याकडे काल पार्सल आलं. कुरडया! दोन किलो. सून म्हणाली, आजींना आवडतात म्हणून मागवल्या. आता कुरडया मागवल्या, चांगलं केलं, तिला नोकरी आहे, काही म्हणायचं नाही मला. पण आजीबाई रुसून बसल्या आहेत. म्हणतात, कुरडई कुणाला हवी होती? मला चीक हवा होता.”

आता पार्सलमधून चीक कुठून येणार?

ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत ठेवतात, पाणी रोज बदलतात, तरी घरात एक आंबूस वास भरून राहतो. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, पाण्यात कालवायचे, फडक्यातून पिळून गाळायचे. चोथ्याच्या भुसवड्या होतात, काही वाया जात नाही. गाळलेलं पाणी रात्रभर ठेवलं की चीक तळाशी घट्ट बसतो. वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं. मग पहाटे, ऊन चढायच्या आत, मोठ्या पातेल्यात आधण, त्यात मीठ आणि हिंग, आणि एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं घोटत राहायचं. गुठळी झाली की संपलं! घोटणाऱ्या बाईच्या दंडाला रग लागते, कपाळावरून घाम ओघळतो, आणि दुधासारखं पांढरं ते पीठ हळूहळू काचेसारखं चकचकीत दिसू लागतं. तेव्हा शिजला म्हणायचं.

पोरं वाट्या घेऊन रांगेत. वाटीत गरम चीक, मधोमध बोटभर खळगा, खळग्यात कच्चं तेल. आमच्याकडे साजूक तूप आणि वर साखर. “साखर?” आक्कांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्याकडे तेल आणि मिरचीचा ठेचा. यावरून एखादी संध्याकाळ सहज जाईल, म्हणून मी विषय पुढे ढकलला.

पुढे म्हणजे पापडाच्या लाटीकडे. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार घालून घट्ट भिजवलेलं आणि तेलाचा हात लावत मुसळानं कुटून कुटून मऊ केलेलं. त्याची लांबट वळी करायची आणि सुरीला हात न लावता दोऱ्यानं लाट्या कापायच्या. दोऱ्याचं एक टोक आईच्या दातात, एक हातात. लाटी कशी सटासट कापली जायची! गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन दुपारी जमायच्या. पोरांचं काम, लाटलेले पापड गच्चीवर नेऊन वाळत घालायचे आणि कावळे हाकायचे. मजुरी म्हणजे तेलात बुडवलेली लाटी. कच्च्या उडदाचा चिकटपणा, मिरीचा झटका, पापडखाराची ती जिभेला ओढणारी चव. फार खाल्ली तर पोट दुखेल म्हणायचे. फार खायचोच.

“लाटी खाल्ली, आता पापड कोण खातंय,” असं आमची आजी म्हणायची आणि खरोखरच तळलेल्या पापडाकडे आम्ही ढुंकून बघत नसू.

“आता लाटी कुठली? सगळे लिज्जत आणतात,” मी म्हटलं.

“लिज्जतला नाव ठेवू नकोस,” आक्का कडाडल्या. “त्या बायांनी संसार उभे केलेत.” ते खरंच आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून केवढं काम उभं राहिलं. त्यांची रीतही अशी की बायका केंद्रातून मळलेलं पीठ घरी नेतात आणि पापड लाटून आणून देतात. “म्हणजे बघ,” आक्का म्हणाल्या, “पीठ अजून कुणाच्या तरी घरात जातंच आहे. तुझ्या-माझ्या घरात येईनासं झालं, एवढंच.”

आणि मग त्यांनी मुद्द्याचं बोलून टाकलं. आपल्याला लहानपणी जे सगळ्यात आवडायचं, ते पुरं झालेलं काहीच नव्हतं. कुरडईच्या आधीचा चीक. पापडाच्या आधीची लाटी. लोणी कढवल्यावर तळाशी उरलेली बेरी, तिच्यावर चिमूट साखर. बासुंदीच्या पातेल्याची खरवड, जिच्यासाठी उलथनं कुणाच्या हाती जाणार यावर भावंडांत मारामारी. त्यांच्या खानदेशात ज्वारीच्या बिबड्या घालताना पातेल्यातलं ऊन ऊन पीठ. पदार्थ पाहुण्यांचा, वर्षभराच्या डब्याचा, लग्नाच्या रुखवताचा. अर्धवट ते पोरांचं. म्हणून पदार्थ विकत आणायला लागलो तेव्हा डबे भरलेलेच राहिले, पोरांचा वाटा तेवढा उडाला. आणि तो गेल्याची नोंदही कुणी घेतली नाही, कारण त्याला किंमत नव्हती आणि पाकीटही नव्हतं.

मला हे पटलं. एवढंच म्हणेन की आक्का वाळवणाचे दिवस आठवताना फक्त वाटी आठवतात. चार वाजता उठून घोटणारी बाई मला जास्त आठवते; तिनं पार्सल मागवायला सुरुवात केली असेल तर तिचं काय चुकलं? शिवाय आजच्या पोरांना हे रुचेलच असंही नाही. मागच्या उन्हाळ्यात आक्कांच्या बंगळूरच्या नातवाला मी मोठ्या हौसेनं चीक दिला. त्यानं दोन चमचे खाल्ले, “ओके आहे” म्हणाला आणि नूडल्स आहेत का विचारलं.

“मग?” आक्का म्हणाल्या. “आम्हाला तरी पहिल्या घासाला कुठे आवडला होता? दर वर्षी समोर यायचा, म्हणून आवडला.”

तर मंडळी, येत्या चैत्र-वैशाखात दोन किलोचा घाट घालू नका. पसाभर गहू भिजवा, मिक्सरमधून काढा, गाळा, रात्रभर ठेवा. सकाळी लहान पातेल्यात शिजवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि घोटायला घरातल्या पुरुषालाही दंड दिलेले आहेत. तेल की तूप-साखर, ते तुमचं तुम्ही ठरवा. कुरडया घातल्याच पाहिजेत असं मुळीच नाही.