अधिकृत पत्त्याचा धनी

शहापूर असो, मुरबाड असो, कॉलेजच्या गेटवर एस. वाय.च्या एखाद्या पोराला थांबवा आणि मेल आयडी विचारा. तो जीमेलवरचा सांगेल : नावापुढे ‘किंग’ आणि त्यापुढे मोटारसायकलचा नंबर. ‘हा नको, कॉलेजने दिलेला सांग’ म्हटलं की तो मित्राकडे बघतो, मित्र मोबाइलकडे बघतो. मग उत्तर येतं, “आहे सर, पण तो चालत नाही.”

चालतो चांगला. यानेच दोन वर्षांत तो उघडलेला नाही.

या आयडीचा जन्म टाळेबंदीतला. मार्च २०२०मध्ये कॉलेजं बंद झाली, तास गूगल मीटवर गेले आणि जिथे तोवर ऑफिसपुरता एकच मेल होता, तिथेही पोरागणिक खाती निघाली. डोळखांबकडची, टोकावड्याकडची पोरं तेव्हा रेंजसाठी टेकाड चढायची. पुढे तास वर्गात परत आले, खाती मागे राहिली. लग्नात आलेली नाव घातलेली भांडी माळ्यावर राहतात तशी. आपला नायक त्या वेळी आठवीत होता. त्याला हे खातं वारसाहक्कानेच मिळालं म्हणायचं.

पासवर्ड अर्थातच आठवत नाही. पडद्यावर सूचना येते : आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे ठाण्याला कलेक्टर कचेरीत बसणारा कोणी मोठा साहेब, अशी याची समजूत. प्रत्यक्षात ते कॉम्प्युटरचे सर असतात आणि शेजारच्याच खोलीत स्टुलावर उभे असतात. कॉम्प्युटरचे म्हणून प्रोजेक्टर, हजेरीचं मशीन आणि पंखाही त्यांच्याकडेच.

हे सर मेलवर नोटीस पाठवतात आणि लगेच ग्रुपवर लिहितात, ‘मेल केला आहे, बघावा.’ खाली भराभर अंगठे उमटतात. मग एक जण धीर करून विचारतो, ‘सर, इथेच टाका ना.’ सर पीडीएफ तिथेच टाकतात. रात्री अकराला आपला नायक विचारतो, ‘सर, काय आहे त्यात?’

आता हा अडाणी आहे म्हणावं तर तसंही नाही. बिझनेस कम्युनिकेशनच्या पेपरात ई-मेल लिहायला आला होता. तो याने पेनाने, पट्टीने चौकट आखून लिहिला आणि मार्क बरे घेतले.

खराखुरा मेल त्याने एकदाच केला. पौषात म्हसाची जत्रा आली आणि त्यात अंतर्गत परीक्षा बुडाली. कारण कळवलं ताप. ‘माननीय प्राचार्य महोदय’पासून ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’पर्यंत सगळा अर्ज विषयाच्या चौकटीत कोंबलेला, खालची ऐसपैस जागा कोरी. डॉक्टरच्या दाखल्याचा फोटो जोडायचा होता; जोडला गेला जत्रेतल्या खिलारी बैलाबरोबरचा. ऑफिसने बैलाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणालं, “मेलची प्रिंट आणा.” प्रिंट आणली. “सही?” सही केली. आवकचा शिक्का बसला, कागद फायलीला लागला, आणि मेल पोचल्याचं ऑफिसने मान्य केलं.

२०२५च्या जुलैत मात्र चमत्कार झाला. गूगलने अठरा वर्षांवरच्या भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या जेमिनी या एआयचा एरवी पैसे मोजून मिळणारा प्लॅन वर्षभर फुकट देऊ केला, विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की झालं. ‘कॉलेजचा मेल लागतो’ एवढी कुजबुज पुरली. परीक्षेच्या नोटिशीने जे साधलं नव्हतं ते फुकटाने साधलं : पासवर्ड बदलून घ्यायला लॅबबाहेर रांग! खाती धडाधड उघडली. आत न वाचलेल्या नोटिशी मुक्कामाला होत्या, त्यांत फीची मुदतही होती. त्यांना कोणी हात लावला नाही.

सरकारी कामाला हा आयडी तो कधीच देत नाही. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा अर्ज भरताना मेल विचारला की एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवतो. मोबाइल नंबर दादाचा, आणि ओटीपी येतो तेव्हा दादा भिवंडीच्या गोडाउनमध्ये, त्याचा फोन पिशवीत. झेरॉक्सवाला मात्र जागचा हलत नाही. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तीत गावोगावच्या पोरांचे आयडी, पासवर्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख आहे. कुणाचा अर्ज कुठे अडकलाय, हे त्याला न बघता सांगता येतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात तो खरं तर हाच.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना नम्र विनंती : परीक्षेचा फॉर्म, फीची तारीख असं काही तातडीचं असेल तर मेल अवश्य करा, रेकॉर्डला बरा. फक्त त्याची एक प्रत झेरॉक्सच्या दुकानावर चिकटवायला विसरू नका.