मधली खुर्ची

होम थिएटरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर एक चित्र असतं. मधोमध खुर्ची, समोर टीव्ही आणि भोवती कुंडलीतल्या ग्रहांसारखे मांडलेले पाच स्पीकर. एक नाकासमोर, दोन पुढे ३०-३० अंशांवर, दोन मागच्या अंगाला १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. खुर्चीत एक माणूस. एकटाच. त्याला आई नाही, बायको नाही, दिवाण नाही, कोपऱ्यात उभी केलेली इस्त्रीची घडवंचीही नाही. या माणसासाठी सगळा हिशोब केलेला असतो, आणि स्पीकर विकत मात्र आपण घेतो.

आमचा हॉल १६ बाय ११ फुटांचा. कोनमापक घेऊन बसलो तेव्हा मागच्या डाव्या स्पीकरची जागा बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उजव्याची देवघरावर. "देवासमोर गाणं लाव की," आई म्हणाली, "पण कानाशी भोंगा नको." शेवटी डावा स्पीकर फ्रिजच्या डोक्यावर गेला आणि उजवा शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी. अंश किती झाले ते मी मोजलं नाही.

हे सगळं सुरू झालं साडूभाऊंमुळे. त्यांच्याकडे १०० वॅटचा अॅम्प्लिफायर आहे, आणि ही गोष्ट ते चहाच्या आधी सांगतात. मला परवडणारा होता ५० वॅटचा. बायकोच्या माहेरच्या प्रत्येक कार्यात हे निम्मेपण मिरवावं लागणार म्हणून मी जरा वाचन केलं आणि मनाला फार बरं वाटलं. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपत. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल हवेत, आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. साडूभाऊंनी माझ्या दुप्पट वाजवायचं ठरवलं तर त्यांना ५०० वॅटचा अॅम्प्लिफायर आणावा लागेल. शिवाय बेताचा स्पीकरसुद्धा एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. फ्लॅटमध्ये एवढ्यावर खालचे काका वर येतात. तेव्हा साडूभाऊंचे उरलेले ९९ वॅट आणि माझे ४९ दोन्ही कपाटातल्या चांदीच्या ताटांसारखे, घरात आहेत एवढंच समाधान. (पूर्वी हातभर टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' छापलेलं असायचं. त्या पीएमपीओला कसलंच प्रमाण नव्हतं. छापणाऱ्याची उमेद हेच माप. आता आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, बघून घ्यायचं एवढं शहाणपण लोकांना आलंय.)

दुकानातलं ऐकणं हा वेगळाच प्रकार. तिथे कायम हेलिकॉप्टर उडत असतं. काचा फुटतात, डायनासोर येतो, आणि विक्रेता तुम्हाला महागडी जोडी ऐकवताना बोटाने आवाज किंचित वाढवतो. किंचित मोठा आवाज माणसाला चांगला आवाज वाटतो, हे त्याला ठाऊक असतं. मी म्हटलं, दोन माणसं नुसती बोलताहेत असं काही लावा. त्याच्याकडे तसं काही नव्हतं. खरं तर सिनेमातलं बहुतेक बोलणं समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतं, आणि आमच्या घरात उडणाऱ्यांपेक्षा बोलणारेच जास्त बघितले जातात. म्हणून मी पैसे मधल्या स्पीकरवर घातले आणि हेलिकॉप्टर साडूभाऊंना सोडलं.

मग केबल. विक्रेत्याने आवाज खाली आणून मखमली पिशवीतून एक केबल काढली. ऑक्सिजनमुक्त तांबं, आणि वर बाण. प्रवाह याच दिशेने जावा म्हणून! आता स्पीकरच्या तारेतला प्रवाह एका सेकंदात शेकडो वेळा पुढेमागे करतो. त्याला बाण दाखवणं म्हणजे पुण्यात एकेरी वाहतुकीची पाटी लावणं. तो बघतो आणि जातो कुठे जायचं तिथे. मी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो आणि अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दुहेरी तार मीटरवर मापून आणली. १० मीटर लांब ओढली तरी जाऊन-येऊन तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरला त्याची दादही लागत नाही. अमेरिकेत ७,२५० डॉलरची स्पीकर केबल विकली जात होती, तेव्हा जेम्स रँडी या जादूगाराने २००७ साली आव्हान दिलं होतं, की डोळ्यांआड तिच्यातला आणि साध्या केबलमधला फरक ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घ्या. ती परीक्षा झालीच नाही. आमच्या केबलची खरी परीक्षा रोज सकाळी मावशींच्या ओल्या फडक्याशी असते.

सबवूफरबद्दल थोडक्यात सांगतो. ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही, म्हणून हा खर्जाचा डबा कुठेही ठेवा असं म्हणतात. हे वाक्य बायकोसमोर वाचायला नको होतं. तो दिवाणामागे गेला आणि त्यावर मनीप्लांट आला. ४० हर्ट्‌झची एक लाट साडेआठ मीटर लांब. आमच्या हॉलमध्ये ती मुळात मावतच नाही, कोपऱ्याकोपऱ्यात तुंबते. मनीप्लांटची पानं थरथरली की समजायचं, खलनायक आला.

शेवटी जुळवणी. अॅम्प्लिफायरबरोबर एक इवलासा मायक्रोफोन येतो. तो मुख्य श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर धरायचा आणि घरात संपूर्ण शांतता ठेवायची. मुख्य श्रोता कोण, यावर घरात शांतता तर नाहीच, पण बराच आवाज झाला. मधली खुर्ची आईची, ती तिची गुडघ्यांमुळे आहे आणि तिथून ती उठणार नव्हती. मायक्रोफोन आईच्या कानाशी धरला. यंत्राने टुंग टुंग करत एकेक स्पीकर तपासायला घेतला आणि कुकरने शिट्टी दिली. पुन्हा पहिल्यापासून. मग भंगारवाला. मग आईच म्हणाली, "अजून किती वेळ गप्प बसायचं?"

जुळलं एकदाचं. साडूभाऊ येऊन दिवाणाच्या टोकाला बसून ऐकून गेले. तिथे त्यांना एकटा फ्रिजवरचा स्पीकर ऐकू आला. पाहुण्याला मधल्या खुर्चीत बसवायचा प्रश्न नव्हता. साडेसात वाजले होते, आईची मालिका सुरू होत होती. इतकी वर्षं टीव्हीच्या पाठीतून भिंतीकडे बोलणारी ती मंडळी प्रथमच समोर येऊन स्पष्ट, शब्दन्‌शब्द बोलू लागली. आईने संपूर्ण भाग हातातलं विणकाम बाजूला ठेवून ऐकला.

"हे असं बोलतात होय?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून साडेसातला बागेत जायला लागली.