एमआरपी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

नॅशनल कॅन्सर ग्रिड ही देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांची साखळी. तिची सूत्रं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे आहेत. या साखळीतल्या २३ रुग्णालयांनी ४० औषधांची खरेदी एकत्र केली आणि कंपन्यांशी एकाच तोंडाने भाव ठरवला. त्याचा हिशेब २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. बचत ८२ टक्के, म्हणजे सुमारे १,३२० कोटी रुपये. काही औषधांचा भाव तर ९९ टक्क्यांनी उतरला.

कंपन्यांनी हा धर्मादाय केलेला नाही. त्या भावातही परवडलं म्हणूनच त्यांनी सह्या केल्या. मग बाहेरच्या रुग्णाकडून जे घेतलं जातं, ते नेमकं कशाचं?

ते घेतलं जातं आपल्या गप्प बसण्याचं. बाईला स्तनाचा कर्करोग निघाला की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘पैशाचं बघू नका, काय लागेल ते करा.’ वाक्य मायेचं आहे, पण काउंटरवर त्याचा अर्थ ‘हवं ते लावा’ असा होतो. भाव विचारला तर लोक काय म्हणतील, डॉक्टरांना काय वाटेल, या संकोचापायी दागिने गहाण पडतात. मला या संकोचाचा मनापासून राग येतो, आणि त्यावर धंदा करणाऱ्यांचा त्याहून जास्त.

एमआरपी ही कमाल किंमत आहे. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. त्याहून कमी घ्यायला कोणताही कायदा आडवा येत नाही. फुगवलेल्या एमआरपीची गोष्ट सरकारलाही ठाऊक होती. म्हणूनच २०१९ साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधून टाकला. लगेच काही ब्रँडची छापील किंमत निम्म्याहूनही खाली आली. औषध तेच होतं, कारखानाही तोच. आकडा तेवढा बदलला.

आता थेट औषधांवर येऊ. हार्मोनशी निगडित कर्करोगात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी रोज, पाच वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेनची गोळी काही रुपयांना मिळते. लेट्रोझोलचे मात्र डझनावारी ब्रँड आहेत आणि त्यांच्या भावात कित्येक पटींचा फरक आहे. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि ते घेऊन जनऔषधी केंद्रात जा. पाच वर्षांच्या गोळ्यांवर वाचलेला पैसा छोटा नसतो. शिवाय गोळी परवडली तर ती मधेच सोडली जात नाही. महिनाअखेरीला ‘या आठवड्यात नको’ म्हणून गोळी टाळणाऱ्या बायका आहेत. ही काटकसर जीवाशी येते.

खर्चाचा खरा डोंगर ट्रॅस्टुझुमॅबचा. हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगातलं हे इंजेक्शन एके काळी फक्त एका परदेशी कंपनीचं होतं आणि एका कुपीला लाखाच्या वर मोजावे लागत. २०१४ च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉनने आपलं बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाची तुल्य आवृत्ती, ५७,५०० रुपयांना आणलं. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बाजार उघडला तो उघडलाच. आज अनेक भारतीय कंपन्या हे इंजेक्शन बनवतात आणि भाव त्या पहिल्या किमतीच्याही कितीतरी खाली आहे. तरी कुणी महागड्या ब्रँडचाच आग्रह धरला, तर ‘तोच का?’ हा प्रश्न विचारायला अजिबात कचरू नका. सबळ कारण असेल तर डॉक्टर सांगतील. नसेल तर तेही कळेल.

याच इंजेक्शनातली एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. साठ किलो वजनाच्या बाईला दर तीन आठवड्यांनी साधारण ३६० मिलिग्रॅम लागतं. मोठी कुपी ४४० ची असते. उरलेले ८० मिलिग्रॅम कुठे जातात? सोबत येणाऱ्या जंतुरोधक पाण्यात कालवलेलं औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर २८ दिवस टिकतं, आणि पुढचा डोस २१ व्या दिवशी असतो. म्हणजे ते तुमच्याच पुढच्या डोसला वापरता येतं. ते ठेवायचं रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये, नाव आणि तारीख लिहून. घरी मुळीच नाही. १५० ची छोटी कुपी मात्र एकदाच वापरायची असते. तेव्हा कोणत्या कुप्यांच्या जोडणीत कमी वाया जातं, हे पहिल्या डोसच्या आधी फार्मासिस्टबरोबर बसून ठरवा. पैसे कुपीचे भरलेत, तर तिच्या तळाशी राहिलेल्या औषधाचा जाब मागण्याचा हक्क तुमचाच आहे.

मुदतीचाही प्रश्न आहे. हे इंजेक्शन वर्षभर देण्याची पद्धत आहे. ब्रिटनमधल्या पर्सेफोन चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होत्या. सहा महिने उपचार घेतलेल्यांची प्रकृती वर्षभर घेतलेल्यांच्या तोडीची राहिली. फ्रान्समधल्या ‘फार’ (PHARE) नावाच्या चाचणीला मात्र तसं सिद्ध करता आलं नाही. त्यामुळे परस्पर इंजेक्शन थांबवायचं नाही. पण धोका कमी असलेल्या आजारात ‘माझ्या बाबतीत सहा महिने पुरतील का?’ असं विचारणं पूर्ण शास्त्रीय आहे. हा प्रश्न ऐकून चिडणारा डॉक्टर असेल, तर दुसरं मत घ्या.

पेटंट असलेल्या गोळ्यांची कथा जास्त कडू आहे. केरळमधल्या एका रुग्णाला रायबोसिक्लिब महिन्याला ५८,१४० रुपयांना पडत होतं. त्या उच्च न्यायालयात गेल्या. औषध इतर कंपन्यांना बनवू द्या, सक्तीचा परवाना द्या, अशी त्यांची मागणी होती. निकाल लागण्याआधीच, २०२२ मध्ये, त्या गेल्या. त्याच गटातल्या पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं. बाजारात जेनेरिकची रांग लागली आणि भाव कोसळला. पेटंट संपायच्या आदल्या दिवशीही ती गोळी तेवढ्याच खर्चात बनत होती! या दोन गोळ्या एक नव्हेत. प्रत्येकीचा पुरावा वेगळा आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारात एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पण आजार पसरलेला असेल आणि पाल्बोसिक्लिब चालण्यासारखं असेल, तर तो पर्याय रुग्णासमोर भावासकट ठेवणं डॉक्टरांचं काम आहे. महागड्या औषधांवर कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनाही असतात. त्यांचे अर्ज डॉक्टरांमार्फतच जातात, म्हणून तेही विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून मग पावत्या घेऊन गेलात तर हात हलवत परत यावं लागतं. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा आणि आपला उपचार पॅकेजमध्ये बसतो का ते पाहा. नवी औषधं सगळीच बसत नाहीत. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरातली उपचारखर्चाची वजावट (जुन्या कायद्यात कलम ८० डीडीबी) विसरू नका. ४० हजारांपर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो आकडा तपासा.

आणि ‘आमच्याच दुकानातून घ्या’ या सक्तीचं काय? अशी सक्ती नाही, असा फलक लावण्याचे आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना २०२५ मध्ये दिले. तो फलक शोधा. खांबामागे लपवला असेल तर पुढे लावायला सांगा. बाहेरून औषध आणलं तर जबाबदारी आमची नाही, अशी भीती घातली गेली तर ते लेखी मागा.

मात्र बाहेरून म्हणजे कुठूनही नव्हे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या जमवून त्यांत भलतंच औषध भरून विकत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘निम्म्या भावात’ मिळणारी कुपी घेऊ नका. पक्कं बिल आणि बॅच नंबर घ्या, आणि वापरलेल्या कुपीचं लेबल आपल्या डोळ्यांदेखत फाडायला लावा.

माझी मागणी प्रत्येक कर्करोग रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे आहे. उपचार सुरू होण्याआधी रुग्णाच्या हातात एक कागद द्या. औषधाचं मूळ नाव, डोस, एकूण फेऱ्या, तुमच्या दुकानातला भाव, आणि त्याच औषधाच्या सर्वांत स्वस्त खात्रीशीर ब्रँडचा भाव. खाली सही. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर आमची सही घेता, तशी या कागदावर तुमची हवी. ज्यांच्या घरी येत्या आठवड्यात पहिली केमो आहे, त्यांनी हा कागद सोमवारीच मागावा.